विश्लेषण : माशाच्या पोटात कृमी दिसला, तर मासा फेकायचा का?

बांगडा साफ करताना त्याच्या पोटात पांढरट दोऱ्यासारखे काहीतरी वेटोळे करून बसलेले दिसते. कधी सुरमईच्या तुकडीत तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी गाठ सापडते, तर कधी गाबोळीत लालसर दोरा. कोणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडीओ काढते, तो समूहांमध्ये फिरतो आणि ‘मासे खाऊ नका, पोटात किडे होतील’ असा इशारा सोबत येतो. पुढचे काही दिवस कोळणींच्या टोपल्यांपुढची गर्दी ओसरते. या भीतीत तथ्य किती? समुद्री माशांतील कोणते कृमी माणसाला बाधू शकतात, कोणते नाही आणि हे ठरवतात कसे, याविषयी…

समुद्री माशांत कृमी असणे हा दोष आहे का?

नाही. समुद्रात मुक्तपणे वाढलेल्या माशांत परजीवी असणे ही नैसर्गिक बाब आहे. मासा जे खातो त्यातून, म्हणजे लहान कोळंबीवर्गीय जीव, लहान मासे, माकूल यांच्यातून कृमींच्या अळ्या त्याच्या शरीरात येतात. मासा जितका मोठा आणि वयस्क, तितके त्याचे खाल्लेले अन्न जास्त आणि अळ्या साठण्याची शक्यताही जास्त.

त्यामुळे माशात कृमी दिसला म्हणजे मासा शिळा आहे, सडला आहे किंवा घाण पाण्यातील आहे, असा अर्थ होत नाही. सडक्या मासळीवर माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून निघणारे किडे वेगळे आणि जिवंत माशाच्या शरीरात राहणारे परजीवी कृमी वेगळे. पहिले अस्वच्छतेचे लक्षण आहे. दुसरे अगदी ताज्या, नुकत्याच होडीतून उतरवलेल्या माशातही असतात. उलट मासा जितका ताजा, तितका कृमी जिवंत आणि वळवळणारा दिसण्याची शक्यता अधिक.

मग माणसाला बाधतात ते कोणते?

माशांत आढळणाऱ्या असंख्य परजीवींपैकी माणसाला त्रास देऊ शकणारे फार थोडे आहेत. समुद्री माशांपुरते बोलायचे तर सर्वात महत्त्वाचा गट गोलकृमींचा. त्यातही ‘ॲनिसाकिस’ आणि ‘स्यूडोटेरानोव्हा’ ही दोन नावे लक्षात ठेवण्याजोगी. यांच्या अळ्या पोटात गेल्याने होणाऱ्या आजाराला ॲनिसाकियासिस म्हणतात.

ॲनिसाकिसची अळी साधारण दोन ते तीन सेंटीमीटर लांब, पांढरट आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. स्यूडोटेरानोव्हाची अळी त्याहून थोडी मोठी आणि तपकिरी-लालसर असते. दोन्ही नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतात, मात्र पांढऱ्या मांसात पांढरी अळी सहज नजरेतून सुटते.

दुसरा गट पट्टकृमींचा. पॅसिफिक महासागरातील सामन माशातून माणसाच्या आतड्यात जाणारा आणि तेथे काही मीटर लांबीपर्यंत वाढणारा पट्टकृमी यात येतो. सामन हा गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत जगणारा मासा असल्याने त्याचा विचार वेगळा करावा लागतो. आपल्या किनाऱ्यावर हा मासा नाही. तो थंड प्रदेशांतून आयात होतो.

ॲनिसाकिसचा प्रवास कसा होतो?

या कृमीचे खरे घर मासा नव्हे, तर देवमासा आणि डॉल्फिन. स्यूडोटेरानोव्हाचे खरे घर सील. या सस्तन प्राण्यांच्या जठरात कृमी प्रौढ होतात आणि अंडी घालतात. अंडी विष्ठेवाटे समुद्रात पडतात, त्यातून अळ्या बाहेर येतात. त्या क्रिलसारखे कोळंबीवर्गीय जीव खातात. क्रिलला मासे आणि माकूल खातात. मोठे मासे लहान माशांना खातात आणि अळ्या एका माशातून दुसऱ्यात जातात. अखेर असा मासा डॉल्फिनने किंवा देवमाशाने खाल्ला, की अळीला तिचे घर मिळते आणि चक्र पूर्ण होते.

माणूस या साखळीत कुठेच नाही. त्याने कच्चा मासा खाल्ला, तर अळी चुकून त्याच्या जठरात पोहोचते. माणूसही सस्तन प्राणी. त्याच्या शरीराचे तापमान डॉल्फिनच्या शरीरासारखेच. त्यामुळे अळीला आपण योग्य ठिकाणी आलो असे संकेत मिळतात आणि ती जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत शिरू पाहते. मात्र माणसात ती सहसा प्रौढ होऊ शकत नाही. काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरते. तिच्या दृष्टीने हा बंद रस्ता असतो, पण तेवढ्या काळात ती माणसाला चांगलाच त्रास देऊ शकते.

बाधा झाली तर काय होते?

अळी जठरात अडकली, तर कच्चा मासा खाल्ल्यानंतर काही तासांतच पोटाच्या वरच्या भागात असह्य कळा येतात. मळमळ, उलट्या होतात. अळी पुढे आतड्यात गेली, तर लक्षणे काही दिवसांनी दिसतात. पोट फुगते, दुखते, आतड्याला सूज येते. अशा रुग्णांत अपेंडिक्सचा त्रास किंवा आतड्यातील अडथळा समजून शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

जठरातील अळी एंडोस्कोपीने दिसते आणि त्याच वेळी चिमट्याने काढताही येते. अळी निघाली, की वेदना बहुधा लगेच कमी होतात. निदानातील सर्वात मोलाचा दुवा म्हणजे रुग्णाने डॉक्टरांना सांगितलेली साधी माहिती : ‘काल कच्चा मासा खाल्ला होता.’ ही माहिती दिली नाही, तर डॉक्टरांचा विचार आम्लपित्त किंवा अल्सरकडे जाऊ शकतो. परदेशातून परतलेल्या किंवा सुशी खाण्याची सवय असलेल्या व्यक्तीने पोटात अचानक तीव्र कळा आल्यास हे आवर्जून सांगायला हवे.

कृमी धोकादायक आहे की नाही, हे शास्त्रज्ञ कसे ठरवतात?

माशात नवा कृमी आढळला, की त्याचे मूल्यमापन काही ठरावीक प्रश्नांच्या आधारे होते.

पहिला प्रश्न ओळखीचा. कृमी गोल आहे, पट्टीसारखा की पानासारखा चपटा? सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तोंड, शेपूट, अन्ननलिका पाहून गट ठरतो. मात्र ॲनिसाकिसच्या अळ्या एकमेकींसारख्या दिसतात. त्यामुळे नेमकी प्रजाती ठरवण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागते.

दुसरा आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न : या कृमीचा अंतिम यजमान कोण? म्हणजे तो प्रौढ कोणाच्या शरीरात होतो? मासा किंवा शार्क यांच्यासारख्या थंड रक्ताच्या प्राण्यात प्रौढ होणारा कृमी माणसाच्या ३७ अंश तापमानात सहसा तग धरत नाही. सस्तन प्राण्यांत किंवा पक्ष्यांत प्रौढ होणारा कृमी मात्र उष्ण शरीरात जगण्यासाठी तयार असतो. संशयाची सुई अशांकडे वळते.

तिसरा प्रश्न : अळी जठरातील आम्लात जगते का? प्रयोगशाळेत पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण ३७ अंशांवर ठेवून कृत्रिम जठर तयार केले जाते. माशाचे मांस त्यात विरघळते आणि अळ्या मागे उरतात. ॲनिसाकिसच्या अळ्या या मिश्रणातूनही जिवंत बाहेर येतात.

चौथा प्रश्न : अळी माशाच्या कोणत्या भागात आहे? केवळ आतड्यात असेल, तर मासा साफ करताना ती निघून जाते. मांसात असेल, तर ताटापर्यंत पोहोचते. जपानच्या बांगडावर्गीय माशांच्या अभ्यासात ॲनिसाकिसच्या दोन जवळच्या प्रजातींमध्ये नेमका हाच फरक दिसला. ‘सिम्प्लेक्स’ ही प्रजाती मांसात शिरण्याचे प्रमाण ‘पेग्रेफी’पेक्षा कितीतरी जास्त होते. दिसायला सारख्या, पण धोका वेगळा.

पाचवा प्रश्न : माणसात बाधा झाल्याची खात्रीशीर नोंद आहे का? आणि अखेरचा प्रश्न : लोक तो मासा कसा खातात? एकाच माशातील एकच अळी कच्चे मासे खाणाऱ्या गावात आजाराचे कारण ठरते आणि कालवण करून खाणाऱ्या गावात निरुपद्रवी ठरते. धोका केवळ कृमीत नसतो, तो खाण्याच्या पद्धतीतही असतो.

गाबोळीतील लाल दोरा आणि तुकडीतील पांढऱ्या गाठी कशाच्या?

गृहिणींना आणि मासे विकणाऱ्यांना सर्वाधिक अस्वस्थ करणारे कृमी बहुतेक वेळा बिनधोक गटातले असतात. ढोमा, हेकरू यांच्यासारख्या माशांच्या गाबोळीत दिसणारे लाल ते काळपट लांब दोरे हे ‘फिलोमेट्रा’ गटातील गोलकृमी असू शकतात. ते माशाच्या रक्तावर जगतात म्हणून त्यांचा रंग लाल. त्यांचे सगळे आयुष्य कोळंबीवर्गीय सूक्ष्म जीव आणि मासे यांच्यातच जाते. खाल्ल्याने माणसाला त्यांची लागण होत नाही.

सुरमई, हेकरू यांसारख्या मोठ्या माशांच्या पोटात किंवा मांसात दिसणाऱ्या पांढऱ्या, तांदळासारख्या गाठी बऱ्याचदा ‘ट्रिपॅनोरिंका’ या पट्टकृमींच्या अळ्यांच्या असतात. यांचे अंतिम यजमान शार्क आणि पाकट. माणसाच्या आतड्यात ते स्थिरावत नाहीत. कल्ल्यांत किंवा तोंडात चिकटलेला किडा दिसला, तर तो बहुधा आयसोपॉड असतो, म्हणजे कृमी नव्हे, तर खेकडे-कोळंबीचा दूरचा नातेवाईक. तोही माणसात राहत नाही.

ॲनिसाकिससारखाच दिसणारा ‘हिस्टेरोथायलेसियम’ नावाचा गोलकृमी समुद्री माशांत सर्रास आढळतो. तो माशातच प्रौढ होतो. माणसातील त्याच्या बाधेची अगदीच अपवादात्मक नोंद आहे. त्यामुळे तो सर्वसाधारणपणे बिनधोक गटात धरला जातो. अडचण अशी, की नुसत्या डोळ्यांनी तो आणि ॲनिसाकिस यांत फरक करणे सामान्य ग्राहकाला शक्य नाही. म्हणूनच घरगुती नियम कृमीच्या जातीवर नव्हे, तर मासा नीट शिजवण्यावर आधारलेला असावा लागतो.

हा आजार प्रथम कुठे ओळखला गेला?

नेदरलँड्समध्ये. तेथे हलके मीठ लावलेला कच्चा हेरिंग मासा खाण्याची जुनी परंपरा आहे. १९५०च्या दशकात हेरिंग खाल्ल्यानंतर पोटात तीव्र कळा येणारे रुग्ण समोर येऊ लागले. शस्त्रक्रियेत आतड्याच्या भिंतीत अळ्या सापडल्या. १९६० मध्ये व्हान थील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरिंगमधील गोलकृमी आणि हा आजार यांचा संबंध वैद्यकीय नियतकालिकात मांडला.

परंपरा जुनी, मग आजार तेव्हाच का वाढला? एक कारण असे सांगितले जाते : पूर्वी मासा समुद्रातच साफ करून मीठ लावला जाई. नंतर तो न साफ करता बर्फात ठेवून किनाऱ्यावर आणला जाऊ लागला. मासा मेल्यानंतर पोटातील अळ्यांना मांसात शिरायला वेळ मिळाला.

१९६८ मध्ये नेदरलँड्सने हेरिंग किमान २४ तास उणे २० अंश सेल्सिअसला गोठवणे सक्तीचे केले. त्यानंतर रुग्णसंख्या झपाट्याने घटली. लोकांनी हेरिंग खाणे सोडले नाही, ते आजही तेथे आवडीने खाल्ले जाते. बदलली ती फक्त मधली एक पायरी.

भीती पसरली की काय होते, याचे उदाहरण मात्र पश्चिम जर्मनीचे. १९८७ मध्ये तेथील ‘मॉनिटर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात माशांतील वळवळत्या अळ्या दाखवल्या गेल्या आणि देशभरात मासळीची विक्री कोसळली. मच्छीमार, प्रक्रिया कारखाने आणि विक्रेते यांना मोठा फटका बसला. पुढच्याच वर्षी तेथे माशांच्या स्वच्छतेचे नवे नियम आले. शिजवलेला मासा त्या कार्यक्रमाच्या आधीही सुरक्षित होता आणि नंतरही.

आज सर्वाधिक रुग्ण कुठे?

जपानमध्ये. साशिमी, सुशी यांमुळे तेथे कच्चा मासा रोजच्या आहाराचा भाग आहे. आरोग्य विम्याच्या दाव्यांवर आधारित अभ्यासानुसार २०१८ आणि २०१९ या वर्षांत तेथे वर्षाला सरासरी सुमारे २० हजार रुग्ण असावेत असा अंदाज आहे. सरकारकडे अन्नविषबाधा म्हणून नोंदवले जाणारे रुग्ण त्याच्या तुलनेत अगदी थोडे.

युरोपात स्पेन आणि इटलीत हा प्रश्न मोठा आहे. स्पेनमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेले अँकोव्ही हे लहान मासे लोकप्रिय आहेत. तेच तेथील बाधेचे प्रमुख कारण ठरले. त्यामुळे २००६ मध्ये स्पेनने कच्चा किंवा अर्धकच्चा मासा वाढणाऱ्या उपाहारगृहांना तो आधी गोठवणे बंधनकारक केले.

लिंबू, मीठ, व्हिनेगर यांनी अळी मरते का?

भरवशाने नाही. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवल्यावर मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो. पण ते केवळ प्रथिनांचे गोठणे असते. जठरातील आम्ल सहन करणारी अळी लिंबाच्या रसात काही तास आरामात काढू शकते. दक्षिण अमेरिकेतील सेव्हिचे हा पदार्थ याच कारणाने जोखमीचा मानला जातो. वासाबी, सोया सॉस किंवा सोबत घेतलेले मद्य यांचाही उपयोग होत नाही. फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवल्यानेही अळ्या मरत नाहीत, त्या थंडीत दिवसेंदिवस जिवंत राहतात.

भरवशाचे मार्ग दोनच : उष्णता आणि खोल गोठवण. युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार माशाच्या अगदी आतल्या भागाचे तापमान किमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन एक मिनिट टिकले पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला ६३ अंशांचा आहे.

गोठवण्याबाबत युरोपचा नियम उणे २० अंशांवर किमान २४ तास किंवा उणे ३५ अंशांवर किमान १५ तास असा आहे. अमेरिकेचा नियम अधिक कडक : उणे २० अंशांवर सात दिवस किंवा उणे ३५ अंशांवर पूर्ण गोठेपर्यंत ठेवून त्याच तापमानाला आणखी १५ तास. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा, विशेषतः एका दाराच्या फ्रिजमधला, उणे २० अंशांपर्यंत जाईलच याची खात्री नसते. त्यामुळे बाजारातून आणलेला मासा घरी गोठवून कच्चा खाण्याचा प्रयोग करू नये.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर धोका किती?

आपल्या समुद्रातही हे चक्र चालू शकते. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्याजवळ डॉल्फिनचा वावर आहे. उष्ण पाण्यात ‘ॲनिसाकिस टिपिका’ ही प्रजाती प्रामुख्याने आढळते आणि डॉल्फिन हे तिचे अंतिम यजमान. भारतीय किनाऱ्यांवरील माशांच्या पाहण्यांमध्येही या कुळातील अळ्या आढळल्या आहेत. जगभरातील खात्रीशीर मानवी बाधा मात्र प्रामुख्याने थंड आणि समशीतोष्ण समुद्रांतील सिम्प्लेक्स आणि पेग्रेफी या प्रजातींशी जोडलेल्या आहेत.

तरीही भारतात माणसाला बाधा झाल्याच्या नोंदी फारच विरळ आहेत. त्याचे मुख्य कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. बांगड्याचे तिखले, पापलेटचे कालवण, हुमण, तव्यावर रवा लावून तळलेली तुकडी, या सगळ्यांत मासा ६० अंशांच्या कितीतरी वर तापतो. रटरटणाऱ्या रश्शात अळी टिकत नाही. सुके बोंबील, सुकट, बांगडा हेही भाजून, तळून किंवा शिजवूनच खाल्ले जातात.

काळजी घ्यावी अशा जागा थोड्या आहेत. जाड तुकडी मोठ्या आचेवर पटकन तळली, तर बाहेरून कुरकुरीत आणि काट्याजवळ अर्धकच्ची राहते. भरलेले अख्खे पापलेट, तंदूरमधील अख्खा मासा, जाड गाबोळी यांच्या मध्यभागी उष्णता उशिरा पोहोचते. मांस काट्यापासून सहज सुटले आणि त्याची काचेसारखी पारदर्शक झाक जाऊन ते पूर्ण पांढरे झाले, की मासा शिजला असे समजावे. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता असमान पसरते, हेही लक्षात ठेवावे.

मग सुशी खायची नाही का?

मुंबई, पुणे, गोवा येथे सुशी मिळणारी ठिकाणे वाढली आहेत. तेथे विचारण्याचा प्रश्न एकच : कच्चा वाढला जाणारा मासा आधी ठरावीक तापमानाला गोठवलेला होता का? गोठवलेला मासा म्हणजे दुय्यम दर्जाचा, हा समज येथे उलटा ठरतो. ‘आज सकाळीच धक्क्यावरून आणला’ हे कालवणासाठी कौतुकाचे आहे, कच्च्या खाण्यासाठी नव्हे.

पिंजऱ्यांत वाढवलेल्या अटलांटिक सामनची गोष्ट थोडी वेगळी आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मधील आपल्या अहवालात कोणतेही समुद्री मासेमारी क्षेत्र ॲनिसाकिसमुक्त मानता येणार नाही, असे म्हटले. मात्र तयार केलेले खाद्य देऊन पिंजऱ्यांत वाढवलेल्या अटलांटिक सामनमध्ये हा धोका नगण्य असल्याचेही नमूद केले. कारण सरळ आहे. या माशाला क्रिल किंवा लहान जिवंत मासे खायला मिळत नाहीत, म्हणून अळीचा रस्ताच बंद होतो.

रोहू, कटला यांसारखे गोड्या पाण्यातील मासे मात्र कच्चे कधीच खाऊ नयेत. त्या पाण्यातील परजीवी वेगळे आणि काही अधिक गंभीर असतात. ईशान्य थायलंडमध्ये कच्चे गोडे मासे खाण्याच्या सवयीतून यकृतातील पर्णकृमीची बाधा होते. हा कृमी पित्तनलिकेच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे.

मेलेली अळी पोटात गेली तर?

बहुसंख्य लोकांना काहीही होत नाही. शिजलेली अळी म्हणजे प्रथिनांचा एक कण. ती पचते. अपवाद आहे तो ॲलर्जीचा. आधी जिवंत अळीची बाधा झालेल्या काही व्यक्तींच्या शरीरात ॲनिसाकिसविरोधी प्रतिपिंडे तयार होतात. पुढे अळीचे अंश पोटात गेले, की अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, ओठ-चेहरा सुजणे आणि क्वचित श्वास कोंडून रक्तदाब कोसळणे, असे प्रकार घडू शकतात. अळीतील काही प्रथिने उष्णतेने आणि गोठवणीने नष्ट होत नाहीत. त्यामुळे अशा मोजक्या रुग्णांना शिजवलेल्या माशाचाही त्रास होऊ शकतो. स्पेनमध्ये अशा रुग्णांचा बराच अभ्यास झाला आहे.

काही वेळा रुग्णाला माशाची ॲलर्जी आहे असे वाटते, पण एखाद्या वेळी मासा खाल्ल्यावर त्रास होतो आणि दुसऱ्या वेळी होत नाही. अशा वेळी कारण मासा नसून त्यातील अळी असू शकते. रक्ततपासणीतून हा फरक शोधता येतो. श्वास लागत असेल, चेहरा सुजत असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

समुद्रातील कृमी वाढत आहेत का?

ॲनिसाकिसच्या बाबतीत तसे दिसते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये जगभरातील जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून मांडलेल्या निष्कर्षानुसार, १९७०च्या दशकापासून माशांतील ॲनिसाकिसचे प्रमाण २८३ पटींनी वाढले आहे. पूर्वी शंभर माशांमागे एकाहून कमी अळी आढळत असे, आता सरासरी एका माशामागे एकाहून जास्त. याच विद्यापीठातील गटाने २०२४ मध्ये अलास्कातील सामनचे १९७९ ते २०२१ या काळातील जुने डबे उघडून पाहिले. चार प्रकारच्या सामनपैकी दोहोंत या अळ्या काळानुसार वाढत गेल्याचे दिसले.

यामागे एक शक्यता अशी मांडली जाते, की शिकारीवरील निर्बंधांनंतर काही भागांत देवमासे आणि सील यांची संख्या सावरली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कृमीही. अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ मध्ये आला. इतक्या टप्प्यांचे चक्र पूर्ण होण्यासाठी क्रिल, मासे आणि सस्तन प्राणी सगळेच हवेत. म्हणजे ताटात नको असलेली ही अळी समुद्रातील अन्नसाखळी शाबूत असल्याची खूणही असू शकते. समुद्राचे वाढते तापमान, मासेमारीचे बदलते प्रमाण ही कारणेही तपासली जात आहेत.

घरी आणि बाजारात काय करावे?

मासा घेतल्यावर शक्य तितक्या लवकर पोट साफ करावे किंवा विक्रेत्याकडूनच साफ करून घ्यावे. मासा मेल्यानंतर काही जातींत अळ्या आतड्यातून पोटाकडच्या मांसात सरकू शकतात. पोटातील काळे आवरण, आतडी आणि पोटाकडचा पातळ पदर नीट धुऊन घ्यावा. एखाददुसरा कृमी दिसला, तर तो काढावा, आजूबाजूचा भाग कापून टाकावा आणि बाकीचा मासा व्यवस्थित शिजवावा. मासे चिरलेली विळी, पाट आणि हात धुतल्याशिवाय कोशिंबीर चिरू नये.

मासा फेकावा कधी? मांसात जागोजागी कृमी किंवा गाठी असतील, मांस पिठूळ झाले असेल किंवा वास येत असेल, तर तो परत करणे योग्य. कृमींनी उघडपणे भरलेला मासा बाजारात आणू नये, असा नियम युरोपातही आहे. तेथील प्रक्रिया कारखान्यांत माशाच्या तुकड्या खालून उजेड टाकून तपासल्या जातात. विक्रेत्यांनीही असा मासा बाजूला काढला, तर ग्राहकाचा विश्वास टिकतो.

शिजवलेला मासा खाऊन नंतर त्यात कृमी होता हे कळले, तर जंतांचे औषध घेण्याची किंवा घाबरण्याची गरज नाही. कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाऊन पोटात कळा आल्या, तर मात्र डॉक्टरांकडे जावे आणि काय, कधी खाल्ले ते सांगावे. कृमी दिसल्याचा पुढचा व्हिडीओ मोबाइलवर आला, की त्यातील मासा कच्चा खाल्ला जाणार होता की शिजवून, एवढे विचारले तरी भीती खरी की खोटी याचा बराचसा उलगडा होईल.